अंडी दिसली का

त्या शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कवळीत वरचा सुळा बसवत होता. गुलाबी मेण दिव्यावर जेमतेम मऊ केलेलं, डोळ्यांपुढे भिंग, श्वास रोखलेला. तेवढ्यात ठसे आणणारा माणूस आला. हा माणूस शहरातल्या पाच-सहा दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे गोळा करून कवळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात आणून टाकायचा आणि मग त्या सगळ्या बोळक्या तोंडांच्या वतीने एकटाच बोलत सुटायचा. त्याच्याकडे न बघता मधूनमधून हुं म्हणायचं आणि हात चालू ठेवायचा, असा कारखान्यातला शिरस्ता होता. त्याप्रमाणे त्याने पहिले दोन हुं दिलेही. तिसऱ्या हुंच्या जागी त्याचा हात थांबला. ठसेवाला म्हणत होता, "गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी मोठ्या चौकात सिग्नलला मधमाश्यांचा हा एवढा घड लटकलेला. लाल आहे की हिरवा, कुणाला काही दिसेना. दीड तास सगळं ठप्प. शेवटी पालिकेची गाडी आली आणि फेस मारून पाडल्या खाली. फोटो आहे माझ्याकडे, बघा." त्याने फोन पुढे केला. ओल्या फुटपाथवर काळपट ढीग, साबणाच्या फेसात निम्मा बुडालेला. ठसेवाल्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "आणि ही गंमत बघा. ही एक जरा लांबट आहे ना, तिच्या पाठीवर कुणीतरी निळा ठिपका दिलाय. लोकांना उद्योग नाहीत." तो बघत राहिला. मग "हुं," म्हणाला आणि परत भिंगाखाली वाकला. सुळा त्याने उलट्या बाजूला बसवला होता, हे दुपारी शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दाखवून दिलं. त्या कामात त्याच्याकडून अशी चूक वीस वर्षांत झाली नव्हती.

तो निळा ठिपका त्याच्या ताईने दिलेला होता. दोन वसंतांपूर्वी, तिची नजर अजून शाबूत होती तेव्हा. इमारतीच्या गच्चीवरच्या त्यांच्या मधमाश्यांच्या पेटीतल्या राणीमाशीला चिमटीत अलगद धरून, नखांना लावायच्या रंगातला काडीच्या टोकाएवढा थेंब. हजारो माश्यांत राणी चटकन सापडावी म्हणून असं करतात. ताईने जन्मभर रफूचं काम केलं होतं. फाटलेल्या कोटाचे धागे ती असे जुळवायची की मालकालाही भोक शोधावं लागायचं, त्यामुळे माशीच्या पाठीवर ठिपका देणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. तेव्हा ती म्हणाली होती, "ही बघ, आता ही आपली." तो हसला होता. आता टेबलावर हात ठेवून तो दिवस मोजत होता. गेल्या आठवड्यातला मंगळवार म्हणजे आजपासून दहा दिवस मागे. त्याच्या आधीचा रविवार म्हणजे बारा दिवस. आणि या आठवड्यातला मंगळवार, म्हणजे तीन दिवसांपूर्वीचा. पुन्हा मोजलं. कितीही वेळा मोजलं तरी तेच येत होतं. तीन दिवसांपूर्वी गच्चीवर त्याने जे केलं ते राणी पेटीत आहे असं धरून केलं होतं. ती त्याच्या आठवडाभर आधीच मोठ्या चौकातल्या गटारातून वाहून गेली होती.

गोष्ट खरं तर एवढीशी. वसंतात फुलं फुलतात, पेटी भरून वाहू लागते आणि माश्यांना घर अपुरं वाटू लागतं. मग त्या मेणाच्या चौकटींच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी लांबट घरं बांधतात. ती राणीघरं. त्यांत नव्या राण्या वाढत असतात, आणि त्यांतली पहिली बाहेर पडायच्या आत जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते. याला पोळं फुटणं म्हणतात. ते फुटू द्यायचं नसेल तर दर आठ दिवसांनी पेटी उघडायची, जागा वाढवून द्यायची आणि प्रत्येक चौकट पालथी घालून राणीघरं मोडायची. एकही सुटता कामा नये. हे ताईने त्याला शिकवलं होतं, आणि यंदा गच्चीपर्यंतच्या बासष्ट पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपेनाशा झाल्यावर आणि नजरेच्या मधोमध राखाडी डाग येऊन बसल्यावर सगळा कारभार त्याच्या अंगावर आला होता. चोपन्नाव्या वर्षी त्याला बढती मिळाली, असं ती म्हणायची. ती त्याला अजून धाकट्या म्हणूनच हाक मारायची.

त्याला माश्यांचं फारसं प्रेम होतं असं नाही. त्याला ताई घरात हवी होती, एवढंच. गेल्या वर्षी पोळं फुटलं तेव्हा सगळा थवा जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर बसला होता; तो राणीसकट पकडून परत पेटीत आणला, तरी इमारतीच्या चिटणीसांनी, ज्यांना सगळे कुलूपकाका म्हणत कारण नळापासून गच्चीपर्यंत ते ज्याला त्याला कुलूप लावत, पत्र दिलं होतं: पुन्हा एकदा असं झालं की पेटी इमारतीतून हलवावी लागेल. त्याच सुमाराला ताईच्या मैत्रिणीचा निरोप आला. ही मैत्रीण बस बदलून अडीच तासांवर एका बागेत राहायची, पहिल्या माश्या तिनेच ताईला दिल्या होत्या, आणि तिच्या घराला एकही पायरी नव्हती. "ये माझ्याकडे. पेट्यांजवळ खुर्ची टाकून बस, मी बघते, तू ऐक," असं ती म्हणाली होती. ताईने ते काही लपवून ठेवलं नाही. जेवता जेवता सांगून टाकलं. "मला इथे काय उरलंय रे? सुई धरता येत नाही, वाचता येत नाही. पेटी आहे तोवर मी आहे. पेटी हलली की मी तिच्याकडे." हे तिने भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं आणि जेवण पुरं केलं. त्याचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. त्या रात्रीपासून त्याला घराचे आवाज वेगळे ऐकू येऊ लागले. ती नसली तर नळ बंद केल्यावर इथे काय ऐकू येईल, जिन्यात पाऊल वाजलं तर कोण म्हणेल की आलास का, असलं काहीतरी त्याच्या मनात यायचं आणि त्याची त्याला लाज वाटायची. मोठ्या माणसाने एवढं घाबरायचं? पण तो घाबरला होता हे खरं. कुलूपकाकांनी एकदा जिन्यात त्याला सुचवलंही, "अहो, त्या राणीचे पंख छाटतात म्हणे. मग ती जाणार कुठे?" त्याला ते पटलं होतं. ताईला विचारलं तेव्हा तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते नाही करायचं. ज्याला जायचंय त्याला जाता आलं पाहिजे. आपण घर मोठं करावं, घरं मोडावी, पंखांना हात लावू नये."

दुपारभर तो टेबलाशी बसून होता आणि त्याच्या हातांनी काहीतरी केलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो बारा दिवसांपूर्वीचा रविवार होता. त्या दिवशी त्याने अकरा राणीघरं मोडली होती आणि खाली येऊन तिला आकडा सांगितला होता, शाळेतून गुण सांगावे तसा. चौकट झटकून बघायची, माश्या बाजूला झाल्याशिवाय खालचा कोपरा दिसत नाही, हे तिने शंभरदा बजावलेलं. पण झटकलं की त्या भडकतात, खाली कुणाच्या तरी खिडकीत शिरतात आणि कुलूपकाकांना आयतं कोलीत मिळतं, म्हणून त्याने झटकलं नाही. नुसतं वरवर फुंकर घालून बघितलं. एखादं सुटलं असणार. एकच पुरतं. दोनच दिवसांनी, मंगळवारी, तो कारखान्यात आणि ताई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रांगेत असताना, त्या गेल्या. जाताना ढग उठावा तशा उठल्या असतील, गच्चीवरून, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून, आणि बघायला कुणी नव्हतं. पुढच्या रविवारी पेटी उघडायला हवी होती. पण त्या रविवारी एक अडुसष्ट वर्षांचा नवरदेव कवळीसाठी अडून बसला, लग्न सोमवारी होतं, आणि मालकाने त्याला कारखान्यात बोलावून घेतलं. म्हणून आठव्याच्या जागी दहाव्या दिवशी, या मंगळवारी, अर्धी रजा टाकून तो वर गेला. पेटीत गर्दी जरा कमी दिसली. तो खूश झाला. पेटीवर चौकटींचा नवा मजला चढवून दिला होता, त्याचा गुण आला, असं त्याने धरलं. किती खूश झाला होता तो. शीळ घालत होता.

आणि मग राणीघरं दिसली. आठ. टोकं बंद झालेली, पिकलेली. त्याने तिथूनच ताईला फोन लावला. दरवेळचा रिवाज होता तो, ती खाली खिडकीशी बसून फोनवर विचारायची आणि तो वरून सांगायचा. "घरं किती?" आठ. "राणी दिसली?" ती नाही दिसली, पण माश्या खूप आहेत. "बरं. अंडी दिसली का?" हा खरा प्रश्न. अंडी असली म्हणजे राणी गेल्या तीन दिवसांत तिथे फिरली, ती घरातच आहे. मग सगळी राणीघरं मोडायला हरकत नाही. आणि अंडी नसली तर ती गेली, आणि मग एक चांगलं राणीघर राखून ठेवायचं, कारण पेटीचं पुढचं सगळं त्या एका घरात असतं. मधमाशीचं अंडं म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं, घराच्या तळाशी उभं राहिलेलं. ते बघायला जवळचा चष्मा लागतो. त्याचा चष्मा खाली, टेबलावर होता. जाळीच्या टोपीत चष्म्यावर वाफ धरते, एकदा तो चौकटींच्या मधे पडला होता, म्हणून तो नेतच नसे. दिवसभर भिंगाखाली केसाएवढी फट शोधणारा हा माणूस गच्चीवर गेला की अंदाजाने बघायचा. आणि नाही म्हणावं तर ती म्हणाली असती, जा, चष्मा घेऊन ये. बासष्ट खाली, बासष्ट वर. आणि या अख्ख्या वसंतात त्याने तिच्या या प्रश्नाला एकदाही खरोखर बघून उत्तर दिलं नव्हतं, दरवेळी दिसली म्हणाला होता आणि दरवेळी ते बरोबर निघालं होतं. "दिसली," तो म्हणाला. "छान," ताई म्हणाली. "मग मोड सगळी. एकही ठेवू नकोस." त्याने मोडली. सातवं मोडताना टोकाशी काहीतरी हललं. मेण फाटलं तसं आतून एक पूर्ण वाढलेली, फिकट, ओलसर राणी डोकं बाहेर काढत होती, आजचा नाहीतर उद्याचा प्रश्न होता. तो क्षणभर थबकला. तिचे पाय कशाला तरी धरायला बघत होते. मग ताईचं वाक्य आठवलं, एकही ठेवू नकोस, आणि त्याने अंगठा दाबला. अंगठा पँटला पुसला. हे त्याने ताईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात, असं त्याने स्वतःला विचारलं होतं, आणि विचारावं लागलं तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

संध्याकाळी तो बस सोडून चालत निघाला. मोठ्या चौकात सिग्नल होता तसाच होता. लाल, मग हिरवा. खांब कुणीतरी धुऊन काढला होता, तेवढ्या भागाचा रंग वरच्या भागापेक्षा उजळ दिसत होता. माणसं त्याला धक्के देत रस्ता ओलांडत होती, एकजण म्हणाला, "काका, जायचंय का थांबायचंय?" तो ओलांडून पलीकडे गेला आणि परत वळून उभा राहिला. तिथे त्याला कोरा पेपर आठवला. हा पेपर त्याला वर्षातून एकदा-दोनदा आठवायचा, साधारण दाढ दुखावी तसा, आणि तो जिभेने चाचपून सोडून द्यायचा. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, दात बनवण्याच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष होतं, आणि ताई तिशीची. आईवडील जाऊन सहा वर्षं झाली होती. जमीन मोजणारा एक माणूस कोट रफू करून घ्यायला आला, मग दुसरा कोट घेऊन आला, मग ज्याला काहीही झालेलं नाही असा कोट घेऊन आला. ताई हसायला लागली होती त्या दिवसांत. मोजणीदाराची बदली दुसरीकडे झाली आणि ताईने सांगून टाकलं, "याचं शेवटचं वर्ष एकदा पार पडू दे, मग मी येते." म्हणजे सगळं त्याच्यावर होतं. शेवटच्या पेपराला त्याला सगळी उत्तरं येत होती. त्याने वर आपला क्रमांक लिहिला आणि तीन तास बसून राहिला. समासात एक दाढ काढली, मुळांसकट, चांगली काढली. नापास झाला. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, होतं असं, पुढच्या वर्षी होशील. पुढच्या वर्षी पास झाला. तोवर मोजणीदाराची पत्रं आधी महिन्याने, मग तीन महिन्यांनी येत येत बंद झाली होती. त्याने एकही पत्र दडवलं नाही, एक खोटा शब्द बोलला नाही. नुसता बसून राहिला होता. आणि इतक्या वर्षांत तिला त्याबद्दल काही माहीत आहे की नाही, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. ती त्यावर ओ की ठो बोलली नाही. तिने मग माश्या पाळल्या.

घरी आला तेव्हा ताई खिडकीशी होती. खिडकीच्या कठड्यावर तिने एक पसरट बशी ठेवलेली असायची, पाण्याने भरलेली, पाण्यात खडे, म्हणजे माश्यांना बुडून न मरता पाणी पिता यावं. ती त्या बशीकडे तोंड करून, मान जराशी तिरकी ठेवून बसली होती, कारण समोरचं तिला दिसत नसे, कडेचं दिसे. "आलास का," ती म्हणाली. त्याने हो म्हटलं, पिशवी ठेवली, चहाचं आधण ठेवलं. सांगायचं की नाही, हे त्याने रस्ताभर ठरवलं नव्हतं. न सांगता काही बिघडणार नव्हतं, निदान आज तरी. चौकातला थवा कुणाचा हे कुणाला माहीत नव्हतं, कुलूपकाकांना तर वासही लागला नव्हता. फोटोतला ठिपका ओळखणारी या शहरात दोनच माणसं होती आणि त्यातल्या एकीला दिसत नव्हतं. पण राणी नसलेली पेटी महिना-दीड महिना जगते. जुन्या माश्या मरत जातात, नव्या जन्मत नाहीत, आणि एक दिवस झाकण उघडलं की आत मूठभर उरलेल्या असतात. मग ताई पिशवी भरेल. म्हणजे सांगितलं तरी तेच, न सांगितलं तरी तेच, फक्त न सांगण्यात महिनाभराची सवलत होती. त्याने ती घ्यायची ठरवली. त्याला ते ठरवताना अगदी हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाचीच किळस आली.

"धाकट्या," ताई म्हणाली, "आठ-दहा दिवस झाले, बशीवर येणं फार कमी झालंय. आधी दुपारी नुसती झुंबड असायची. आज मी मोजल्या. चौदा." तो म्हणाला की फुलांत पाणी असेल, बाहेरचं पितील. ती म्हणाली, "असेल. मला वर ने." त्याने गुडघ्यांचं नाव काढलं, डॉक्टरांचं काढलं, उजेड कमी होत चाललाय म्हणाला. "मला उजेडाचं काय करायचंय?" ती म्हणाली, आणि उठून उभीच राहिली. चहा तसाच राहिला. बासष्ट पायऱ्यांना त्यांना पंचवीस मिनिटं लागली. दर जिन्यावर ती थांबायची, कठड्याला धरून, आणि तो एक पायरी खाली उभा राहायचा, पडली तर सावरता यावी म्हणून. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता. इतका हलका हात. तिसऱ्या मजल्यावर कुलूपकाका दारात आले, "अरे वा, ताई आज वर?" ताई म्हणाली, "हो, तुमची कुलपं गंजली का ते बघायला." ते हसले. तिचा जीव कासावीस झालेला होता तरी तिने हे बोलून घेतलं, आणि त्याला तिच्याबद्दल असं काही वाटलं की जिन्यातच खाली बसावं.

गच्चीवर ऊन उतरलं होतं. पेटी कठड्याच्या आडोशाला, विटांवर. दारातून माश्या ये-जा करत होत्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटलं असतं. त्याने बादली पालथी घालून तिला बसायला दिली. तिने टोपी घेतली नाही. पुढे वाकून पेटीच्या लाकडावर कान टेकवला आणि डोळे मिटले. मग बोटाच्या पेराने एकदा टकटक केलं. राणी असलेली पेटी टकटक केल्यावर एकदम गुणगुणते आणि लगेच गप्प होते, हे त्याला माहीत होतं. ही गप्प झाली नाही. आत एक लांबच लांब, खालच्या पट्टीतला आवाज सुरू झाला आणि थांबेचना, जणू घरातलं कुणी गेलंय आणि सगळे एका खोलीत बसलेत. त्यालाही तो दोन पावलांवरून ऐकू आला. ताईने कान काढला नाही. "हवा पडलीय म्हणून चिडल्यात," तो म्हणाला. ती वाट बघत राहिली, तशीच, गाल लाकडाला लावून. तिने रागावून विचारलं असतं तर तो आणखी काहीतरी बोलून गेला असता. पण ती नुसती थांबली, आणि त्याला ते सोसवेना.

"अंडी नव्हती दिसली मला," तो म्हणाला. "मंगळवारी. त्याच्या आधीही कधी नाही. चष्मा नव्हता माझ्याकडे. कधीच नसतो." मग एकदा सुरुवात झाल्यावर चौकातला सिग्नल, फोटो, निळा ठिपका, सगळं सांगितलं. सातव्या घरातली राणी सांगितली. अंगठ्याचं सांगितलं. ताईने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे अंडी नाहीत, कोवळी पिल्लंही नाहीत. त्यांना नवी राणी करायची म्हटली तरी करायला काही उरलं नाही." त्याने मान हलवली, मग तिला दिसत नाही हे आठवून हो म्हणाला. "दिसली का म्हटल्यावर दिसली म्हणालास," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मला दिसत नाही म्हणून तर विचारत होते ना रे तुला. मी तुझ्या डोळ्यांनी बघत होते. माझ्याच तोंडून मोडायला लावलीस सगळी." तो म्हणाला, "तू जाऊ नयेस म्हणून. पोळं फुटलं असतं तर तू गेली असतीस." "हे मला माहीत आहे," ताई म्हणाली. पेटीतला आवाज चालूच होता. "आणखी काही सांगायचंय?" तिने विचारलं. त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. "नाही," तो म्हणाला.

ती सरळ होऊन बसली, गालावर लाकडाचा वळ उठला होता. "एक उपाय आहे. ताज्या अंड्यांची एक चौकट दुसऱ्या पेटीतून आणून यात घालायची. मग या स्वतः राणी करतील. अजून हातात आठवडा आहे, फार तर दहा दिवस. तिला फोन लाव." तिला म्हणजे मैत्रिणीला, दुसरी अशी चौकट देणारं कोणी नव्हतंच. त्याने फोन तिच्या हातात द्यायला पुढे केला. "मी नाही. तू बोल." तो बोलला. बागेतल्या त्या बाईंना त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, आणि आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे असं ऐकत राहिला. पलीकडून त्या मोठ्याने हसल्या, मनापासून. "अहो, माझ्याही हातून झालंय हे. दोनदा. रविवारी सकाळी लवकर या. मी चौकट काढून तयार ठेवते. पण दुपारच्या आत पेटीत जायला हवी, गारठली तर कामातून गेली." मग त्यांनी विचारलं, "ती बरी आहे ना?" तो म्हणाला, हो, इथेच आहे. फोन ठेवल्यावर त्याच्या अंगातून सगळी भीती एकदम ओसरली. पेटी वाचणार होती. पेटी वाचली तर सगळंच वाचलं. रविवारी सहाची बस पकडावी लागेल असं तो सांगायला लागला, त्याचं बोलणं भरभर होऊ लागलं.

"रविवारी मीही येते," ताई म्हणाली. "हो, चल की," तो म्हणाला, "दोघं जाऊन येऊ. तुलाही बरं वाटेल." ताईने मान तिरकी केली, कडेच्या नजरेने त्याला बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"आता नीट ऐक," ती म्हणाली. "चौकट उभीच धरायची, जशी पेटीत असते तशी. आडवी केलीस तर अंडी पडतील. कोरड्या टॉवेलात गुंडाळ, ओल्या नको. बसमध्ये खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो. मांडीवर घे आणि दोन्ही हातांनी धर, झोप लागू देऊ नकोस. बस बदलताना घाई करू नकोस, एक चुकली तर दुसरी मिळते. आल्यावर जिना चढून आधी पेटीत घाल, मग चहा घे. मधोमध घाल. आणि तीन आठवडे उघडायची नाही. अजिबात नाही, कितीही वाटलं तरी."

"अगं, तू असशील ना बरोबर," तो म्हणाला. "तूच धर मांडीवर."

"येताना तू एकटा असशील," ताई म्हणाली. "म्हणून आत्ताच सांगतेय."

पेटीचा आवाज कानांवर येत होता. त्याने खिशातून कारखान्यातली एक चिठ्ठी काढली, मागच्या कोऱ्या बाजूला पेन टेकवलं आणि म्हणाला, "पुन्हा सांग. पहिल्यापासून." ताईने पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं.